अ‍ॅम्प्लिफायरचा लाल दिवा

प्रश्न : पावसाळ्यानंतर गाडीतला अ‍ॅम्प्लिफायर बंद पडला. लाल दिवा लागतो, आवाज येत नाही. नवा घ्यावा का?
– एक वाचक, आटगाव

उत्तर : एवढ्यात नको. लाल दिवा म्हणजे अ‍ॅम्प्लिफायरने स्वतःला वाचवण्यासाठी आवाज तोडला आहे. गाडी बंद करून स्पीकरच्या वायरी आणि आरसीए केबल काढा, मग चालू करा. लाल दिवा गेला तर दोष बाहेरचा. बहुधा दारातली वायर घासून पत्र्याला टेकली असेल किंवा स्पीकरची कॉइल जळली असेल. दिवा तसाच राहिला तर मल्टिमीटरने अ‍ॅम्प्लिफायरच्या टोकांवर १२ व्होल्ट येतात का, ते पाहा. अर्थिंगचा बोल्ट मी नेहमी आधी बघतो. शहापूरकडच्या पावसात तो हमखास गंजतो. रंग खरवडून उघड्या पत्र्यावर घट्ट आवळा.

फ्यूज घालताच उडत असेल, तर बहुतेक वेळा आतले मॉसफेट (एक प्रकारचे ट्रान्झिस्टर) शॉर्ट झालेले असतात. तिथे मोठा फ्यूज किंवा तार कृपा करून लावू नका; गाडी पेटू शकते. चांगला कारागीर फ्यूजच्या जागी २१ वॅटचा बल्ब जोडून तपासतो : बल्ब भगभगीत पेटून तसाच राहिला, तर शॉर्ट नक्की. मॉसफेट बदलताना त्यांच्या गेटचे रेझिस्टरही बदलून घ्या, नाहीतर नवेही जळतील.