डाव्या कॉर्नरच्या भाच्यास

चि. भाचेराव यांस,


तू पाठवलेला नांदेडच्या कबड्डी सामन्याचा व्हिडिओ पाहिला. आधी आवाजासकट पाहिला, मग आवाज बंद करून पाहिला, कारण रेषेबाहेरून ओरडणारे तुमचेच लोक तुम्हाला जास्त घाबरवत होते. त्या एका पोराने तुमचा बचाव पार सोलून काढला, हे खरं आहे. पण खाली तू जे लिहिलंस, की 'मामा, तो पुढं काय करणार तेच कळत नव्हतं', त्यावर मला बोलायचं आहे. फोनवर सांगितलं असतं, पण फोनवर तू 'हो मामा, हो मामा' करतोस आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच खेळतोस. म्हणून कागद घेतला.

तो पुढे काय करणार हे तुला कळायची गरज नाही. लेका, ते त्यालाही माहीत नसतं.

व्हिडिओतल्या त्याच्या चढाया नीट बघ. दम घेत येतो, निदान रेषा ओलांडतो आणि तुझ्यासमोर येऊन खांदा हलवतो. इथे त्याच्यापुढे तीन वाटा असतात. तू मागे अंतिम रेषेला चिकटलेला असलास तर पाय पुढे टाकून बोनस घेतो. बोनस वाचवायला पुढे सरकलास, वजन पुढच्या पायावर आलं, की खाली वाकून तुला हात लावतो. आणि तुला मदत करायला कव्हरवाला आपली जागा सोडून आत आला, की गर्रकन वळून त्यालाच शिवतो. या तिन्हींपैकी एकही तो मध्यरेषेवर ठरवून येत नाही. तो तुला वाचतो आणि तुझ्या पायाने त्याला जे सांगितलं ते करतो. तू त्याच्या डोळ्यांत बघत बसला होतास आणि तो तुझ्या गुडघ्याकडे बघत होता, एवढाच फरक.

हाच खेळ अमेरिकेत भलत्याच रूपात चालतो. तुझा अटलांटाचा मामा तिथल्या कॉलेजांचा फुटबॉल बघतो. आपला पायाचा फुटबॉल नव्हे, हेल्मेट घालून अंडाकृती चेंडू काखेत घेऊन पळायचा. गेल्या दिवाळीत तो आला होता, तेव्हा माझ्या फोनवर त्याने 'ट्रिपल ऑप्शन' नावाचं आक्रमण दाखवलं. अकरा विरुद्ध अकरा. चेंडू घेणारा क्वार्टरबॅक आधी तो सरळ मध्यात घुसणाऱ्या जाडजूड गड्याच्या पोटाशी धरतो. द्यायचा की ओढून घ्यायचा, हे तो समोरच्या एका बचावपटूकडे बघून ठरवतो. तो बचावपटू मध्यात धावला तर क्वार्टरबॅक चेंडू काढून घेऊन स्वतः बाहेरून पळतो. बाहेर दुसरा बचावपटू अंगावर आला, तर बाजूने पळणाऱ्या तिसऱ्याकडे चेंडू फेकतो. आणि गंमत ऐक: ज्या बचावपटूला वाचायचं असतं, त्याला ते मुद्दाम अडवतच नाहीत, मोकळा सोडतात. त्या बिचाऱ्याला वाटतं, माझ्याकडे कुणाचं लक्षच नाही. खरं तर सगळ्यांत जास्त लक्ष त्याच्यावरच असतं.

मग मला तुझी जागा आठवली. कॉर्नर हा सगळ्यांत मोकळा दिसणारा माणूस. सिनियर मुलांच्या मैदानात मध्यरेषेपासून निदान रेषा पावणेचार मीटरवर, तिच्यापुढे एक मीटरवर बोनस रेषा. अर्धं मैदान साडेसहा मीटरचं, म्हणजे बोनस रेषेमागे तुला उरते पावणेदोन मीटरची पट्टी. त्या पट्टीत तू कुठे उभा आहेस, कोणता पाय पुढे आहे, टाच टेकली आहे की उचललेली, हे चढाईपटूला सगळं दिसतं. तुला मोकळं सोडलेलं असतं ते वाचण्यासाठी.

टेक्सास विद्यापीठाच्या संघात एमरी बेलार्ड नावाच्या प्रशिक्षकाने 1968 साली ही तीन वाटांची रचना 'विशबोन' नावाने बसवली आणि पुढची काही वर्षं भल्याभल्यांना ती सुटत नव्हती. पुढे बाकीच्यांनी सोडली, तरी अमेरिकेच्या सैन्याच्या अकादम्यांचे संघ तिला धरून राहिले, कारण त्यांच्याकडे अगडबंब पोरं नसतात. अंगाने कमी असलेल्याने समोरच्याला निर्णय घ्यायला लावायचा आणि तो निर्णय चुकवायचा, असं हे हत्यार आहे. आता तुमचा नांदेडचा तो पोरगा आठव. साठ किलोचा तरी असेल का?

याच्यावर तिथल्या बचावाने शोधलेला उपाय ऐकायला फार साधा आहे. एकाने मध्यात घुसणारा गडी पकडायचा, चेंडू त्याच्याकडे असो वा नसो. दुसऱ्याने क्वार्टरबॅक. तिसऱ्याने बाहेरून पळणारा. दर वेळी, प्रत्येक डावाला, चेंडूकडे न बघता. काही प्रशिक्षक तर सरावात चेंडूच काढून घेतात, म्हणजे पोरांना चेंडूमागे धावायची सवय लागत नाही. अटलांटाच्याच जॉर्जिया टेकचा संघ पॉल जॉन्सन यांच्या हाताखाली हे आक्रमण खेळायचा. 2010 च्या जानेवारीत ऑरेंज बोलच्या सामन्यात आयोवाने त्यांना 24-14 असं रोखलं. आयोवाला त्या सामन्याआधी तयारीला महिनाभर मिळाला होता. एरवी हंगामात आठवडाभरात हे अंगात भिनत नाही. डोक्याला दोन दिवसांत कळतं, पण पाय ऐकत नाहीत.

आता तुझ्या पायांकडे येतो.

तू लातूरला वाढलास, आणि त्या 'लातूर पॅटर्न'ने तुमच्या पिढीच्या डोक्यात एक गोष्ट पक्की बसवली आहे: समोर पर्याय आले की बरोबर पर्याय ओळखायचा. परीक्षेत ते ठीक. पण चढाईपटू जो प्रश्न विचारतो, त्याचं उत्तर तुझ्या खुणेनंतर बदलतं. तू बोनसवर खूण केलीस की तो स्पर्श घेणार. त्यामुळे ओळखायचा नाद सोड. तुझ्या वाट्याला एक वाट आहे, ती बंद कर. बाकीच्या दोन बंद करायला सहा जण आहेत.

तुझी वाट कोणती? माझ्या मते डाव्या कॉर्नरची वाट म्हणजे बोनसचा पाय. कव्हरची वाट म्हणजे चढाईपटूचं वळणं, म्हणजे परतीचा रस्ता. स्पर्शाचं काय, असं विचारशील. स्पर्श वाचतो तो अंतराने. त्याचा हात पोचेल त्याच्या वीतभर बाहेर राहायचं आणि ते अंतर त्याच्याबरोबर मागे-पुढे न्यायचं. त्याच्या डोळ्यांत बघू नकोस, हातांकडे तर मुळीच नको, ते खोटं बोलण्यासाठीच असतात. कमरेकडे बघ. कंबर गेल्याशिवाय माणूस कुठे जात नाही.

आणि बोनसच्या पायाची एक गोष्ट तुम्ही पोरं विसरता. बोनस मिळायला एक पाय बोनस रेषेपलीकडे टेकलेला आणि मागचा पाय त्याच वेळी हवेत असावा लागतो. म्हणजे बोनस घेतानाच्या क्षणी तो एका पायावर उभा असतो, सगळं वजन पुढच्या पायावर, आणि तो पाय तुझ्या पट्टीत. घोटा धरायची वेळ तीच. तू व्हिडिओत जवळजवळ दर वेळी पाय येण्याआधीच झेपावला आहेस. दोन पायांवर उभ्या असलेल्या गड्याच्या घोट्याला हात घातलास तर तो तुला घेऊन मध्यरेषेपर्यंत जाईल. आमच्या काळ्या रानात मुरूम टाकून केलेल्या मैदानावर त्याचा पाय तरी घसरायचा, तेवढी आम्हाला सवड मिळायची. तुमच्या मॅटवर बूट चिकटतो, तो लगेच वळतो. म्हणून मॅटवर उशिरा गेलेला कॉर्नर लवकर गेलेल्यापेक्षा बरा.

बरं, सगळी दारं सारखी बंद करायला जाऊ नका. बोनसने एक गुण जातो, पण तुमचा गडी बाहेर जात नाही. स्पर्शाने गुणही जातो आणि गडीही. तिघं एकदम अंगावर गेलात आणि तो निसटला तर तिघंही गेले, पाठोपाठ लोण आहेच. तेव्हा संघाने बसून ठरवायचं की एखादं दार उघडं ठेवायची वेळ आली तर कोणतं ठेवायचं. मी तर बोनसचंच ठेवीन. दोन-तीन बोनस देईन, त्याला चटक लागू देईन. अमेरिकेतले बचावपटूही अशीच फसवणूक करतात: ज्याला वाचलं जातंय तो आणि त्याच्या मागचा गडी अधूनमधून गुपचूप आपापली कामं बदलून घेतात. क्वार्टरबॅक आपल्या नेहमीच्या पानावरचं वाचतो आणि भलत्याच्या मिठीत जातो. पण हे पुढचं. ज्याला आपलं काम अजून धड करता येत नाही, त्याने दुसऱ्याशी बदलायच्या गोष्टी करू नयेत.

मैदानावरचे गडी मोजत जा. सात किंवा सहा असतील तोवरच बोनस आहे. पाच झालात की बोनसची वाट नियमानेच बंद, मग तुझं काम बदलतं, पट्टीत मागे राहायचं कारण उरत नाही. तीन किंवा कमी असताना पकड केलीत तर जादा गुण. आणि प्रो कबड्डीसारखा लागोपाठ दोन चढाया रिकाम्या गेल्यावर तिसरीत गुण घ्यावाच लागतो असा नियम जिथे असेल, तिथे घाई त्याला असते, तुला नसते. तीस सेकंदांतले शेवटचे दहा तुमचे. व्हिडिओत अशा चढाईतही तूच आधी उडी मारली आहेस. का रे?

एक छोटी गोष्ट, राखीव क्षेत्राची. स्पर्श झालेला नसताना चढाईपटू तिथे गेला तर तो बाद, त्याच्यामागे धावायचं नाही. हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत 2023 साली भारत-इराण अंतिम सामना अशाच एका चढाईवरून तासभर थांबला होता. नियम जुना धरायचा की नवा, यावरून वाद. शेवटी आपण 33-29 जिंकलो, पण पंचांपुढे बसून वाद घालायची वेळ आपल्यावर कशाला आणायची?

इराणचं नाव निघालं म्हणून सांगतो. 1990 पासून 2014 पर्यंत पुरुष कबड्डीतली सातही आशियाई सुवर्णं आपली. 2018 ला जकार्तात उपांत्य फेरीत इराणने आपल्याला 27-18 हरवलं. अठरा! आपल्यासारख्या चढाईच्या देशाला अख्ख्या सामन्यात अठरा गुणांवर रोखलं. फझल अत्राचलीचा तो संघ. तो सामना मिळाला तर बघ, आणि चढाईपटू सोडून इराणच्या बचावफळीकडे बघ.

तुझ्या खोलीत इराणच्याच शादलूईचा फोटो लावलाय असं आक्का सांगत होती. लाव, फोटोला हरकत नाही. पुणेरी पलटणने 2024 च्या मार्चमध्ये हरियाणाला 28-25 हरवून प्रो कबड्डीचं पहिलं विजेतेपद घेतलं, त्या हंगामात पकडींचे सर्वांत जास्त गुण त्याचेच होते, आणि खेळायचा डाव्या कॉर्नरलाच. पण तो जे करतो ते तू करू नकोस. तो आपली जागा सोडून पुढे झेपावतो. तुला दिसतो तो त्याचा झेपावता देह. त्याच क्षणी त्याच्या मोकळ्या जागेत शिरणारा कव्हर आणि मध्ये सरकणारी बाकीची फळी कॅमेऱ्यात दिसत नाही. तो उडी मारतो, कारण त्याला माहीत असतं की मागून गडी येणारच आहेत. तुझ्या मागून कोण येतं? व्हिडिओत तू घोटा धरलास आणि तुझा कव्हरवाला कमरेवर हात ठेवून बघत उभा होता, असं किमान दोनदा दिसलं.

यावरचा नियम कडक ठेवा. कॉर्नर गेला की कव्हरने जायचंच. कॉर्नरचं चुकलं असं वाटत असेल तरी जायचं. दोघांनी मिळून केलेली चुकीची पकड बऱ्याचदा टिकते, एकट्याची बिनचूक पकड सुटते. नंतर पाण्याच्या वेळी भांडा हवं तेवढं.

सरावाचं सांगतो. तुमचे सर गुण मोजून सराव घेतात, ते दोन आठवडे थांबवता येतं का विचार. चढाई लावायची, पण निकाल बघायचाच नाही. बाहेर एक जण वही घेऊन बसेल, आणि त्याने लिहायचं एवढंच: कुणी आपली वाट सोडली. गुण गेला पण सगळे आपापल्या जागी होते, तर काही लिहायचं नाही. पकड झाली पण कव्हर आधीच आत घुसला होता, तर त्याचं नाव लिहायचं. पोरं कुरकुरतील. पकड झाली तरी नाव लिहिलं जातं, हे कुणाच्याच पचनी पडत नाही. आणि चढाईला तुमच्यातला सगळ्यांत चपळ पोरगा लावा, लठ्ठ मित्राला नको. अमेरिकेतही सरावातला नकली क्वार्टरबॅक खऱ्याच्या वेगाचा मिळत नाही, हीच त्यांची रड असते.

पुढची आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा कधी आहे ते कळव. त्याआधी एका रविवारी बार्शीच्या एसटीने मुरुडला ये, सकाळी लवकरची गाडी पकड, दहानंतर मैदानावर उभं राहवत नाही. येताना तुझ्या कव्हरवाल्याला घेऊन ये. तो येणार नसेल तर तूही येऊ नकोस, तुला एकट्याला शिकवून माझा रविवार वाया जाईल. जेवायला दोघं आहात असं मामीला सांगून ठेवतो.

तुझा,
मामा