फोनच्या कव्हरात एटीएम कार्ड ठेवू नका : सीझनआधी करायची चार कामे



१ ऑगस्टला बंदी उठणार. जाळी शिवून होत आली, इंजिनाची कामे चालू आहेत. बोटीबरोबर फोनचीही थोडी डागडुजी याच दिवसांत करून घ्या. एकदा मासेमारी सुरू झाली की कोणाला सवड मिळत नाही.

जेटीवर कोणाचाही फोन घेऊन मागचे कव्हर उघडा. आत बहुतेक वेळा एटीएम कार्ड असते, आधार कार्ड असते, एखादी शंभराची नोटही असते. विचारले तर उत्तर ठरलेले : "फोनला लॉक आहे ना, मग कसली भीती?"

ते लॉक फोनचे आहे, सिमचे नाही. फरक समजून घ्या.

फोन चोरणारा तुमचे लॉक उघडायच्या भानगडीत पडतच नाही. तो सिम काढून स्वतःच्या फोनमध्ये घालतो. आता तुमचा नंबर त्याच्या हातात. यूपीआयचे ॲप सुरू करताना त्या सिमवरून एक मेसेज आपोआप जातो आणि त्या नंबराला जोडलेले बँक खाते समोर येते. जुना पिन माहीत नसला तरी नवा पिन तयार करता येतो. त्याला लागते काय? एटीएम कार्डाचे शेवटचे सहा आकडे, कार्डावरची मुदतीची तारीख आणि ओटीपी. किंवा आधारचे पहिले सहा आकडे आणि ओटीपी. ओटीपी त्याच सिमवर येतो, आकडे तुम्हीच कव्हरात ठेवलेले असतात. काही बँका यावेळी एटीएमचा पिनही विचारतात. पण आपल्यातले कितीतरी जण तोही कार्डाच्या मागे पेनाने लिहून ठेवतात.

म्हणजे कुलूप, चावी आणि घराचा पत्ता, सगळे एकाच पिशवीत. मासळीचे पैसे, डिझेलच्या व्हॅटचा परतावा, कर्जाच्या हप्त्यासाठी बाजूला ठेवलेली रक्कम, सगळे त्याच खात्यात असते.

आता चार कामे.

१) कार्डे फोनपासून वेगळी करा. एटीएम कार्ड घरी ठेवा, समुद्रात एटीएम नाही. समुद्रात तपासणी होते, त्यामुळे ओळखपत्र जवळ लागते हे खरे. पण ते बोटीच्या कागदपत्रांबरोबर पाणी न शिरणाऱ्या पिशवीत, केबिनमध्ये ठेवा. एटीएमचा पिन कार्डावर लिहिला असेल तर आजच बदला. आधारचा फोटो व्हॉट्सॲपवर पाठवायची वेळ आली आणि समोरच्याला चालत असेल, तर 'मास्क्ड आधार' पाठवा. त्यात फक्त शेवटचे चार आकडे दिसतात. ते आधारच्या सरकारी वेबसाइटवरून फुकट काढता येते.

२) सिमला पिन लावा. अँड्रॉइड फोनच्या सेटिंगमध्ये सिक्युरिटीत 'सिम लॉक' असते. फोनप्रमाणे जागा थोडी वेगळी असू शकते. हा पिन लावला की सिम दुसऱ्या फोनमध्ये घातले तरी पिन दिल्याशिवाय चालत नाही. मात्र एक काळजी घ्या. पहिल्यांदा कंपनीने दिलेला पिन टाकावा लागतो, तो अंदाजाने टाकू नका. तीनदा चुकला की सिम बंद होते आणि कंपनीकडून 'पीयूके' नंबर घ्यावा लागतो. तोही दहादा चुकला तर सिम कायमचे गेले. म्हणून आधी कंपनीला विचारा. नंतर आपला नवा पिन ठेवा आणि तो पाठ करा, कारण फोन बंद करून चालू केला की दर वेळी तो विचारला जातो.

३) लॉक असलेल्या स्क्रीनवर मेसेज दिसू देऊ नका. फोन न उघडताही ओटीपी वर दिसत असेल तर लॉकचा उपयोग काय? सेटिंगमध्ये नोटिफिकेशनमध्ये जाऊन लॉक स्क्रीनवरचा मजकूर लपवा.

४) घरी एक कागद लिहून ठेवा. सगळ्यात महत्त्वाचे हेच. ट्रॉलर सात-आठ दिवस बाहेर असतो. बर्फ भरताना जेटीवरच फोन गेला आणि बोट सुटली, तर चोराला आठवडा मिळाला. म्हणून घरातल्या जबाबदार माणसाकडे कागद हवा : सिम कंपनीचा आणि बँकेचा तक्रार नंबर, खाते कोणत्या शाखेत, आणि फोनचा आयएमईआय नंबर. तो *#०६# दाबले की दिसतो. पिन मात्र या कागदावर लिहायचा नाही.

फोन गेलाच तर काय करायचे, तेही क्रमाने सांगतो.

आधी दुसऱ्या फोनवरून सिम कंपनीला सांगून सिम बंद करा. ओटीपीची वाट तिथेच तुटते. मग बँकेला फोन करून यूपीआय आणि कार्ड बंद करायला सांगा. तक्रारीचा नंबर आणि वेळ लिहून घ्या. पैसे गेले असतील तर लगेच १९३० वर फोन करा, तो सायबर फसवणुकीचा सरकारी नंबर आहे. जितक्या लवकर कळवाल तितकी पैसे वाटेत अडवण्याची आशा जास्त. त्यानंतर पोलीस तक्रार, आणि तिची प्रत घेऊन 'संचार साथी' या सरकारी पोर्टलवर आयएमईआय ब्लॉक करा. मग तो फोन देशात कोणत्याच सिमवर चालत नाही.

फोन भर समुद्रात पडला तर चोराची भीती नाही. किनाऱ्याला आल्यावर त्याच नंबराचे नवे सिम घ्या.

बँकेकडून भरपाईचेही समजून घ्या. रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या परिपत्रकाप्रमाणे, चूक आपलीही नाही, बँकेचीही नाही, तिसऱ्याच कारणाने पैसे गेले आणि बँकेचा मेसेज आल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत कळवले, तर नुकसान आपल्यावर येत नाही. पण निष्काळजीपणा आपला असेल तर कळवेपर्यंत गेलेले पैसे आपलेच गेले. कळवल्यानंतर जे जाईल ते बँकेवर. कार्डावर पिन लिहिणे याला बँक निष्काळजीपणाच म्हणणार. तीन दिवस आणि आठ दिवसांची फेरी, हिशेब तुम्हीच करा. घरचा कागद त्यासाठीच.

बोटमालकांना एक विनंती. आपल्या ट्रॉलरवर ओडिशा, झारखंड, कर्नाटकचे खलाशी असतात. त्यांची अख्ख्या सीझनची कमाई फोनवरूनच गावी जाते. ही चार कामे त्यांनाही हिंदीत समजावून सांगा आणि पहिल्या फेरीच्या आधी त्यांच्याकडून करून घ्या.

सिमचा पिन लावायला कोणाला अडचण वाटली तर फोन घेऊन संस्थेच्या ऑफिसात या, बसून करून देऊ. पिन मात्र तुमचा तुम्हीच टाकायचा, मलाही सांगायचा नाही.

आपला,
सचिव