‘बाथरूममध्ये पाय घसरला, डॉक्टर’

सोमवारी सकाळी दवाखान्यात येणाऱ्या काही भगिनींची तक्रार ठरलेली असते. बाथरूममध्ये पाय घसरला. आता, घसरून पडणारा माणूस हात टेकतो. त्याचे मनगट मुरगळते, गुडघा सोलवटतो, फार तर कपाळाला खोक पडते. पण डोळ्याखाली काळेनिळे, कानाचा पडदा फाटलेला आणि कोपरापासून मनगटापर्यंत हाताच्या बाहेरच्या कडेला वळ, हे पडण्याचे लक्षण नव्हे. तोंडावर येणारा फटका चुकवण्यासाठी माणूस हात आडवा धरतो, तिथलाच तो वळ असतो.

हे प्रकार झोपडपट्टीतच होतात, अशी आपल्या नवीन पनवेलमधील सुशिक्षित मंडळींची समजूत असते. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील १८ ते ४९ वयाच्या विवाहित स्त्रियांपैकी सुमारे २९ टक्के स्त्रियांनी पतीकडून कधी ना कधी शारीरिक किंवा लैंगिक अत्याचार झाल्याचे सांगितले. महाराष्ट्रात हे प्रमाण २५ टक्के, म्हणजे चौघींत एक. आणि हे फक्त सांगितलेले. शिक्षण व पैसा वाढला की प्रमाण घटते हे खरे; शाळेचे तोंड न पाहिलेल्या स्त्रियांत शारीरिक मारहाणीचे प्रमाण ४० टक्के, तर बारावी पूर्ण केलेल्यांत १८ टक्के आढळले. पण १८ म्हणजे शून्य नव्हे. बायको नोकरी करते, तिचे एटीएम कार्ड मात्र नवऱ्याच्या खिशात, अशी घरे मी पाहतो.

दारूचा संबंध तर फारच ठळक आहे. नवरा वारंवार दारूच्या नशेत असतो अशा स्त्रियांपैकी ७० टक्के स्त्रियांनी अत्याचार सांगितला. न पिणाऱ्यांच्या बायकांत तो २३ टक्के होता. तरीही ‘पितो म्हणून मारतो, एरवी देवमाणूस’ हे मला पटत नाही. हाच देवमाणूस वाटेत भेटलेल्या हवालदारावर हात उगारत नाही. दारूने आवर सुटतो. कोणावर हात टाकला तर चालते, हे त्याला आधीच ठाऊक असते. लहानपणी आईला मार खाताना पाहिलेली मुले मोठेपणी मारण्याची आणि मुली तो सोसण्याची शक्यता वाढते. त्यातच याच पाहणीत ४५ टक्के स्त्रियांनी आणि ४४ टक्के पुरुषांनी काही कारणांसाठी बायकोला मारणे योग्य मानले. सासू-सासऱ्यांचा मान न राखणे हे त्यांतले सर्वांत मोठे कारण!

गरोदरपणी मार थांबतोच असे नाही. पोटावर लाथ बसली तर वार सुटून रक्तस्राव होऊ शकतो, दिवस भरण्याआधी प्रसूती होऊ शकते. आणि एक गोष्ट वाचकांनी विशेष लक्षात ठेवावी. नवऱ्याने गळा दाबला असेल तर ते साधे भांडण समजू नये. बाहेरून एकही व्रण नसतानाही आत मानेच्या रक्तवाहिनीला इजा होऊन काही दिवसांनी अर्धांगवायूचा झटका येऊ शकतो. आवाज घोगरा होणे, गिळताना दुखणे, डोळ्यांत लाल ठिपके दिसणे यांपैकी काहीही असल्यास त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. एकदा गळा दाबणारा पुढे जीव घेण्याचा धोका कित्येक पटींनी अधिक असतो, असे अभ्यासांत दिसले आहे.

वीस-बावीस वर्षांपूर्वी अशाच एका बाईंना मी मलम लिहून दिले आणि ‘घ्या जरा सांभाळून’ म्हणालो. नवरा शेजारच्याच खुर्चीवर बसला होता. त्या पुन्हा कधी आल्या नाहीत. एमबीबीएसच्या अभ्यासात जखमेची लांबी-रुंदी मोजायला आम्हाला शिकवले होते; ती कशी झाली हे एकटीला विचारायला कोणी शिकवले नव्हते. आता वजन-बीपी पाहायचे म्हणून सोबतच्या माणसाला मी बाहेर बसवतो आणि सरळ विचारतो, ‘घरी कोणी मारतं का?’ पहिल्यांदा बहुतेक जणी ‘नाही’ म्हणतात. तिसऱ्या-चौथ्या खेपेला सांगतात.

मुंबईत वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात २००० साली महापालिका आणि ‘सेहत’ या संस्थेने सुरू केलेले ‘दिलासा’ केंद्र याच विचारावर उभे राहिले. जखमेवर टाके घालायला आलेल्या बाईला त्याच इमारतीत समुपदेशन मिळू लागले. पुढे मुंबईतील इतर रुग्णालयांतही अशी केंद्रे झाली.

तक्रार नोंदवली नाही म्हणून कोणतेही रुग्णालय उपचार नाकारू शकत नाही. २००५ चा कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायदा स्त्रीला त्या घरात राहण्याचा हक्क देतो, मग घर तिच्या नावावर असो वा नसो. १८१ हा महिलांसाठीचा मदत क्रमांक आहे, तातडीच्या प्रसंगी ११२. न्यायालयातील विधी सेवा समितीकडून स्त्रियांना, उत्पन्न कितीही असले तरी, मोफत वकील मिळतो. आणि मदत मागणाऱ्या किती, तर अत्याचार सोसणाऱ्यांपैकी अवघ्या १४ टक्के.

मार लागल्यास त्याच दिवशी तपासून घ्यावे. कोणी मारले, कशाने मारले हे डॉक्टरांना आपल्या शब्दांत केसपेपरवर लिहायला सांगावे. वर्षभराने न्यायालयात वळ दाखवता येत नाहीत, कागद दाखवता येतो. तो कागद घरच्या कपाटात ठेवू नये. माहेरी किंवा विश्वासातल्या मैत्रिणीकडे ठेवावा. माझ्याकडे येणाऱ्या दोघी-तिघींचे कागद माझ्याच दवाखान्याच्या ड्रॉवरमध्ये आहेत.