केळीची बी

खानदेशात तापी नदीच्या दक्षिणेस जामनेर तालुका आहे. कांग व वाघूर या नद्या त्याच्या शिवारातून वाहतात. येथील काळ्या जमिनीत कापूस पिकतो आणि जेथे विहिरीचे अथवा धरणाचे पाणी पोहोचते, तेथे केळीच्या बागा उभ्या राहतात. तापी ओलांडून रावेर, यावल, चोपडा या तालुक्यांत गेल्यास रस्त्याच्या दोन्ही अंगांस दूरवर केळीच केळी दिसतात. सावदा, रावेर येथून केळ्यांचे घड आगगाडीने आणि मालमोटारींनी उत्तर हिंदुस्थानात जातात. जळगाव जिल्ह्याच्या या केळीस २०१६ साली भौगोलिक मानांकनही मिळाले.

मुलांनो, इतकी केळी आपण खातो. परंतु केळीची बी तुमच्यापैकी कोणी पाहिली आहे काय? आंब्यास कोय असते, बोरास आठळी असते, सीताफळात तर गरापेक्षा बियाच अधिक असाव्यात असे वाटते. केळे मात्र सोलावे आणि खावे. काही टाकावे लागत नाही. केळे मधोमध चिरून पाहिलेत, तर गाभ्याशी बारीक काळसर ठिपक्यांच्या ओळी दिसतील. ज्यांची बी होऊ शकली नाही, अशा बीजांडांच्या त्या खुणा होत. ते ठिपके जमिनीत पेरले, तर त्यांतून काहीही उगवणार नाही.

मग केळीची लागवड होते कशी? आणि ज्या झाडास बीच नाही, त्याची नवी जात कोणास काढावयाची झाली, तर ती त्याने काढावी तरी कशी? याच प्रश्नाचा विचार आपण या पाठात करणार आहोत.

केळीस आपण झाड म्हणतो. पण तिला लाकूड नसते. तिचा जाड खांब म्हणजे एकावर एक घट्ट गुंडाळलेले पानांचे देठ. खरे खोड जमिनीखाली असते. त्यास कंद म्हणतात. या कंदाच्या अंगास कोंब फुटतात, त्यांना शेतकरी मुनवे म्हणतात. तलवारीच्या पात्यासारखी निमुळती पाने असलेला जोमदार मुनवा काढून दुसरीकडे लावला, की नवी केळ तयार होते. जूनच्या सुमारास लावलेल्या बागेस खानदेशात मृगबाग म्हणतात आणि ऑक्टोबरच्या सुमारास लावलेल्या बागेस कांदेबाग. विसाव्या शतकाच्या अखेरीपासून प्रयोगशाळेत काचेच्या बाटल्यांतून वाढविलेली ऊतिसंवर्धित रोपेही लावली जाऊ लागली.

मुनवा लावा किंवा बाटलीतील रोप लावा, दोहोंत एक गोष्ट सारखीच आहे. नवी केळ ही जुन्या केळीचे मूल नसते. ती जुन्या केळीचाच एक तुकडा असते. आईचे काही गुण आणि बापाचे काही गुण असा मेळ तिच्यात नसतो. जशी जुनी, तशीच नवी. यात शेतकऱ्याचा मोठा लाभ आहे. घड केवढा येईल, गोडी कशी असेल, केळ कधी निसवेल, हे त्याला आधीच ठाऊक असते. परंतु याच लाभात एक मोठे संकटही दडलेले आहे.

ते संकट समजण्यासाठी आपणांस थोडे दूरच्या देशांत जावे लागेल. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अमेरिका व युरोप येथील बाजारांत 'ग्रो मिशेल' नावाच्या जातीची केळी विकली जात. ती चवीस उत्तम, सालीने जाड आणि प्रवासात टिकणारी अशी होती. मध्य अमेरिकेत मैलोगणती तिच्याच बागा लावल्या होत्या. पुढे जमिनीतील एका बुरशीने या केळींच्या मुळांवाटे आत शिरून त्या वाळवावयास आरंभ केला. या मर रोगास 'पनामा रोग' असे नाव पडले. सर्व केळी एकसारख्या असल्यामुळे एकीस जो रोग मारू शकला, तो सर्वांनाच मारू शकला. ही बुरशी मातीत अनेक वर्षे जिवंत राहते आणि तिच्यावर औषध चालत नाही. अखेर १९६० च्या सुमारास बागाईतदारांना 'ग्रो मिशेल' सोडून 'कॅव्हेंडिश' गटातील केळी लावाव्या लागल्या, कारण त्या रोगास त्या बळी पडत नव्हत्या.

हा 'कॅव्हेंडिश' गट आपल्या परिचयाचाच आहे. खानदेशातील जुनी 'बसराई', नंतरची 'श्रीमंती' आणि आजच्या बहुतेक बागांतील 'ग्रँड नैन' या सर्व त्याच गटातल्या. 'ग्रँड नैन' या फ्रेंच शब्दांचा अर्थ 'मोठी बुटकी' असा गमतीचा आहे; शेतकरी तिला 'जी नाईन' म्हणतात. परंतु बुरशीही स्वस्थ बसत नाही. 'कॅव्हेंडिश' केळींनाही मारणारा तिचा एक नवा प्रकार आग्नेय आशियात पसरला. २०१९ साली तो दक्षिण अमेरिकेतील कोलंबियात आढळला आणि आपल्या देशात बिहार व उत्तर प्रदेश येथेही त्याने शिरकाव केला आहे. ज्या जिल्ह्यात हजारो कुटुंबांचा चरितार्थ एकाच जातीच्या केळीवर चालतो, त्या जिल्ह्याने ही वार्ता लक्षपूर्वक ऐकावयास हवी.

अशा वेळी रोगास दाद न देणारी नवी जात हवी. गहू, ज्वारी, कापूस यांच्या नव्या जाती दोन निराळ्या जातींचा संकर करून काढतात. एका जातीच्या फुलातील पराग दुसऱ्या जातीच्या फुलावर टाकावयाचे, बी धरू द्यावयाची आणि तिच्यातून उगवलेल्या रोपांतून चांगले रोप निवडावयाचे, अशी ती रीत आहे. परंतु केळीच्या बाबतीत बी हीच अडचण!

केळीस बी का नाही? आग्नेय आशियातील जंगलांत आजही रानकेळी आढळतात. त्यांच्या फळांत वाटाण्याएवढ्या कठीण काळ्या बिया ठासून भरलेल्या असतात आणि गर नाममात्र असतो. हजारो वर्षांपूर्वी काही केळींत निसर्गतःच असा बदल झाला, की परागाशिवायच त्यांची फळे गराने भरू लागली. माणसाने त्या केळी हेरल्या आणि त्यांचे मुनवे जपून लावले.

याखेरीज दुसरेही एक कारण आहे. प्रत्येक सजीवाच्या पेशींत गुणसूत्रे नावाचे अतिसूक्ष्म धागे असतात व त्यांवरून त्याचे गुण ठरतात. रानकेळीत ११ गुणसूत्रांचे दोन संच, म्हणजे २२ गुणसूत्रे असतात. बी धरण्यापूर्वी या दोन संचांच्या जोड्या जुळतात आणि मग ते निम्मे निम्मे वाटले जातात. आपल्या बागेतील केळीत मात्र तीन संच, म्हणजे ३३ गुणसूत्रे असतात. फुगडी दोघींची असते. तिघी आल्या, तर एकीला बाजूस उभे राहावे लागते. तशीच येथे जोड्यांची घडी विसकटते, वाटणी नीट होत नाही आणि बी धरत नाही.

तथापि 'धरत नाही' याचा अर्थ 'कधीच धरत नाही' असा नव्हे. फार क्वचित आईकडील तिन्ही संच न वाटले जाता तसेच बीजांडात उतरतात. त्याच वेळी दोन संचांच्या केळीचा पराग तेथे पोहोचला, तर त्याच्याकडून ११ गुणसूत्रे येतात. ३३ आणि ११ मिळून ४४ होतात आणि एखादी बी जन्मास येते. ही दुर्मीळ बी शोधून काढणे, हेच केळीच्या संशोधकाचे काम होय.

हे काम कसे चालते ते पाहा. केळ निसवली, की केळफुलाची एकेक पाकळी उचलली जाते. पहिल्या काही फण्यांत मादी फुले असतात. नर फुले मागाहून येतात. संशोधक भल्या पहाटे दुसऱ्या जातीच्या केळीची नर फुले गोळा करतो. मादी फुलांवर अन्य पराग पडू नये म्हणून तो केळफुलास पिशवी बांधतो. नंतर रोज सकाळी जी फुले नव्याने उमलतील, त्यांवर तो हाताने पराग लावतो. घड पक्व होण्यास तीनेक महिने लागतात. मग केळी पिकवून, कुस्करून, चाळणीवर धुऊन पाहावी लागतात. पुष्कळदा चाळणीत काहीच उरत नाही. एखादी बी सापडलीच, तर तिच्यातील कोवळा अंकुर अलगद काढून काचेच्या नळीत वाढवावा लागतो, कारण मातीत तो बहुधा जगत नाही.

मध्य अमेरिकेतील होंडुरास देशात एका कृषिसंशोधन संस्थेने 'कॅव्हेंडिश' गटाच्या सुमारे २०,००० घडांवर असा प्रयोग केला. त्या घडांत सुमारे वीस लक्ष केळी होती. त्यांतून बिया मिळाल्या सुमारे २०० आणि जिवंत अंकुर निघाले अवघे ४० च्या आसपास! म्हणजे दहा हजार केळ्यांमागे एक बी. गवताच्या गंजीत सुई शोधण्यास यापेक्षा अधिक चिकाटी लागेल काय?

पण चिकाटीस फळ येते. त्याच संस्थेत फिलिप रो या शास्त्रज्ञाने ब्राझीलमधील 'प्राता आना' या केळीचा रोगप्रतिकारक केळीशी संकर केला आणि १९९४ च्या सुमारास 'गोल्डफिंगर' नावाची जात पुढे आणली. तिची चव किंचित आंबटगोड, सफरचंदाची आठवण करून देणारी आहे. मर रोगास आणि करप्याच्या एका उग्र प्रकारास ती चांगले तोंड देते. क्युबा देशात या संस्थेच्या संकरित केळींची मोठ्या क्षेत्रावर लागवड झाली. मोठ्या बाजारपेठांनी मात्र त्या फारशा स्वीकारल्या नाहीत, कारण ग्राहकाच्या जिभेला नेहमीचीच चव हवी होती.

आपल्या देशातही हे काम जुने आहे. १९४९ साली तमिळ प्रदेशातील आडुतुरै येथे केळीच्या संकराचे प्रयत्न सुरू झाले. पुढे ते कोईमतूरच्या कृषी विद्यापीठात चालू राहिले. तेथील डोंगरांत 'विरुपाक्षी' नावाची सुवासिक केळी होत असे. परंतु पर्णगुच्छ रोगाने तिच्या बागा उजाड होऊ लागल्या, आणि ती मैदानात लावली, तर तिची खास चव उतरत नसे. शास्त्रज्ञांनी डोंगरी 'लाडन' केळी, एक बीयुक्त रानकेळी आणि 'कदली' नावाची लहान गोड केळी अशा तिघींचा क्रमाने संकर केला. त्यातून निघालेली 'को १' ही जात १९८४ साली शेतकऱ्यांच्या हाती पडली. डोंगरी केळीची आंबटगोड चव मैदानातही मिळू लागली. आरंभापासून हे फळ हाती येईपर्यंत पस्तीस वर्षे लोटली होती! १९९३ साली तिरुचिरापल्ली येथे केळीसाठी स्वतंत्र राष्ट्रीय संशोधन केंद्रही स्थापन झाले.

आता पुन्हा खानदेशाकडे पाहू. येथे उन्हाळ्यात पारा ४५ अंशांपर्यंत चढतो आणि तप्त वारे पाने फाडून टाकतात. हिवाळ्यातील थंडीने पानांवर चरका येतो व घड उशिरा निसवतो. करप्याने पाने वाळतात. वादळ आले, तर घडांनी वाकलेली बाग एका रात्रीत आडवी होते. येथे येणाऱ्या नव्या जातीने हे सर्व सोसले पाहिजे. शिवाय तिची उंची बेताची हवी, घड भरदार हवा, फळ दिल्लीपर्यंत टिकावयास हवे आणि ते खाणाऱ्यास आवडावयासही हवे. एका गुणाने कमी पडलेले रोप संशोधकाला बाजूस ठेवावे लागते. म्हणून शेकडो रोपांतून एखादेच पुढे जाते आणि तेही निरनिराळ्या शेतांत अनेक हंगाम पारखूनच शेतकऱ्यास दिले जाते.

यावरून एक गोष्ट ध्यानात येईल. ज्या रानकेळीस आपण बियांनी भरलेली म्हणून टाकाऊ समजतो, तिच्याच अंगी रोगाशी झुंजण्याचे बळ असते. उद्याच्या गोड केळ्याला लागणारा गुण कदाचित अशाच एखाद्या अरण्यात वाढत असेल. अरण्य तोडले, की तो गुणही कायमचा गेला. तसेच परसात उरलेली एखादी जुनी देशी केळ उपटून टाकण्यापूर्वीही विचार करावा. पीक एकाच जातीचे लावणे सोयीचे असते. परंतु ठेवा मात्र अनेक जातींचा राखला पाहिजे.

पुढच्या वेळी केळे सोलाल, तेव्हा त्यातील त्या काळसर ठिपक्यांकडे क्षणभर पाहा. ते दिसावयास क्षुद्र आहेत. पण त्यांच्यापैकी एखाद्याची खरी बी व्हावी, म्हणून कित्येक माणसे आयुष्यभर पहाटे उठून बागेत गेली आहेत.

स्वाध्याय

१. मुनव्यापासून वाढलेली केळ जुन्या केळीचे मूल का नव्हे?
२. 'ग्रो मिशेल' जातीच्या बागा का नष्ट झाल्या? त्यापासून खानदेशाने कोणता बोध घ्यावा?
३. केळीत बी धरत नाही याची दोन कारणे तुमच्या शब्दांत सांगा.
४. ४४ गुणसूत्रांच्या केळीचा २२ गुणसूत्रांच्या केळीशी संकर केला आणि दोघींनी आपली निम्मी गुणसूत्रे दिली, तर नव्या केळीत किती गुणसूत्रे येतील? तिच्यात बी धरेल काय?
५. तुमच्या गावातील शेतकऱ्यास भेटून केळीच्या किंवा अन्य फळाच्या पूर्वीच्या व आताच्या जातींची माहिती मिळवा आणि ती दहा ओळींत लिहा.