एक शब्द, दोन ‘एन’

प्रश्न : मुलगी कॉलेजात फ्रेंच शिकते. तिच्या पुस्तकात ‘अँस्तित्युस्योनालिज़ास्यों’ हा शब्द ओळीच्या शेवटी तुटला आहे, तोही दोन ‘एन’च्या मधोमध. मग दोन्ही ‘एन’ म्हणायचे का? आणि एवढा लांबलचक शब्द फोडायचा तरी कुठे?
– एक वाचक, खोताची वाडी, गिरगाव

उत्तर : ‘न’ एकदाच म्हणायचा. तुमचा घोटाळा झाला तो छपाईमुळे. जोडून आलेल्या दोन सारख्या व्यंजनांमध्ये ओळ तोडायची, हा फ्रेंच छापखान्याचा नियम. जिभेला तो लागू नाही. बोलताना ‘न’ पुढच्या ‘आ’ला जाऊन चिकटतो. रोमन अक्षरे 21 असली तरी उच्चाराचे तुकडे आठच : अँस्-ति-त्यु-स्यो-ना-लि-ज़ा-स्यों.

आता चौथा आणि आठवा तुकडा पाहा. दोन्हीकडे टी, आय, ओ, एन हीच अक्षरे. तरी एक ‘स्यो’, दुसरा ‘स्यों’. ‘एन’च्या पुढे स्वर नसेल, तर फ्रेंचमध्ये तो बहुधा वेगळा ऐकू येत नाही, आधीचा स्वरच नाकातून निघतो. पुढे स्वर आला, की स्वच्छ ‘न’. मग लिहिताना ‘एन’ एक असो वा दोन. म्हणूनच ‘चांगला’ला ‘बों’ आणि ‘चांगली’ला ‘बॉन’. हे नाकातले स्वर आपल्याला परके मुळीच नाहीत. चित्पावनी बोलीत ते आहेत, कोकणीतही आहेत. मराठी लेखनात ‘केलें’, ‘तें’ यांच्या डोक्यावर त्यांची खूण होती. उच्चार गेल्यावरही ती टिकून राहिली आणि 1962च्या शुद्धलेखनाच्या नियमांनी काढली.

बाकी उच्चारात इंग्रजीची सवय नडते. शेवटी ‘शन’ नाही, ‘स्यों’. दोन स्वरांमधल्या ‘एस’चा होतो ‘ज़’. ‘त्यु’ हे तर आपल्या लिपीने केलेले कामचलाऊ काम : जीभ ‘ई’ची ठेवून ओठ ‘ऊ’सारखे करा, की खरा स्वर निघेल. ‘त’ मात्र आपलाच, दातांवरचा. इंग्रजीसारखा मध्येच एका तुकड्यावर जोर देऊ नका. सगळे जवळपास सारखे म्हणून शेवटचा जरा लांबवा.

फ्रेंच लोक जर्मनांसारखे शब्दाला शब्द जोडून लांबी वाढवतात, असा एक समज आहे. इथे तसे काही नाही, नुसते प्रत्यय आहेत. अँस्तित्युस्यों म्हणजे संस्था. त्यापासून विशेषण अँस्तित्युस्योनेल, म्हणजे संस्थात्मक. मग क्रियापद अँस्तित्युस्योनालिज़े, म्हणजे संस्थेचे रूप देणे. आणि त्या क्रियेचे नाव हा तुमचा शब्द. आपणही हेच करतो : राष्ट्र, राष्ट्रीय, राष्ट्रीयीकरण. 1969 साली 14 बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले, तेव्हा हा शब्द लांब आहे अशी कुणी तक्रार केल्याचे ऐकिवात नाही! शेवटचा प्रत्यय लिंगही ठरवतो : ‘आस्यों’ने संपणारी अशी क्रियानामे स्त्रीलिंगी.

राहता राहिला स्पेलिंगचा प्रश्न. इथे फ्रेंचांनीच गोंधळ घालून ठेवला आहे. ‘नास्योनाल’मध्ये ‘एन’ एक, ‘अँस्तित्युस्योनेल’मध्ये दोन. ‘रास्योनेल’मध्येही दोन, पण त्याच्यापासून झालेल्या ‘रास्योनालिज़ास्यों’मध्ये पुन्हा एकच. याला एकच एक नियम नाही. तेव्हा परीक्षेआधी मुलीला असे शब्द शब्दकोशात पाहून ठेवायला सांगा.