थंडीतील कृतज्ञता

पौष महिना आला की ग्वाल्हेरचा किल्ला धुक्यात दिसेनासा होतो. कधीकधी दोन-दोन दिवस सूर्यदर्शन घडत नाही आणि रात्री पारा ५ अंशांच्याही खाली उतरतो. अशा पहाटे अंथरूण सोडून देवळात येणे ही एक तपश्चर्याच होऊन बसते. वृद्धांचे सांधे आखडतात, मुले कुरकुरतात, आणि ‘ही थंडी एकदाची सरेल केव्हा?’ असा उद्गार आपल्याही तोंडून निघतो. १८१०च्या सुमारास दौलतराव शिंद्यांच्या छावणीभोवती लष्कर वसले. तेव्हा दक्षिणेतून आलेल्या आपल्या पूर्वजांनाही ही थंडी नवीनच वाटली असेल.

यावर कृतज्ञता हा उपाय आपण नेहमी ऐकतो. परंतु त्या शब्दाचा अर्थ नीट समजून घेतला पाहिजे. थंडी सुखाची आहे असे मनाला पढविणे म्हणजे कृतज्ञता नव्हे. बोचणाऱ्या थंडीला बोचरी म्हणण्यात काही अधर्म नाही. ‘कृत’ म्हणजे केलेले व ‘ज्ञ’ म्हणजे जाणणारा. आपल्यासाठी जे केले गेले ते जाणतो तो कृतज्ञ, आणि त्याचा नाश करतो तो कृतघ्न. तेव्हा कृतज्ञता ही प्रथम जाणण्याची गोष्ट आहे, आणि जाणणे अभ्यासाने वाढते.

प्रथम निसर्गाचे देणे पाहू. हिवाळ्यात पश्चिमेकडून येणारे वातविक्षोभ हिमालयावर बर्फ व मैदानांत मावठ्याचा पाऊस आणतात. त्यांच्या पाठोपाठ उत्तरेचे गार वारे सुटतात. तोच बर्फ पुढे उन्हाळ्यात वितळून गंगा-यमुनेस पाणी पुरवितो. गव्हाला फुटवे येण्यास व दाणा भरण्यास गारवा लागतो. थंडी अकाली सरली तर दाणा बारीक राहतो. आपल्या चैत्रातील पोळीची तयारी या गारठ्यातच चाललेली असते. मात्र दहिवर गोठले तर हाच गारठा वाटाण्याचे उभे पीक जाळतो. म्हणून ज्याचे पीक गेले त्याच्यापुढे थंडीची स्तुती करू नये. त्याला साहाय्य करावे.

दुसरे देणे माणसांचे. गेल्या पौषात एका धुकट पहाटे आम्ही कुरकुरतच देवळात आलो. पायरीपाशी फुले विकणारी म्हातारी आमच्या आधीच येऊन बसली होती. तिच्या आखडलेल्या बोटांना पुडी बांधता येईना. तिला आत शेगडीजवळ बसवून चहा दिला. ती रोज इतक्या पहाटे कोठून येते असे कोणीतरी विचारले, तेव्हा आमच्यापैकी एकालाही ते सांगता येईना. वर्षानुवर्षे तिच्या हातची फुले आम्ही देवाला वाहत होतो. फुले जाणली, हात जाणले नाहीत. त्या दिवशी आमची कुरकुर आपोआप थांबली.

आपल्या रूढींतही हेच शिक्षण आहे. धुंधुरमासात सूर्योदयापूर्वी खिचडी, बाजरीची भाकरी व लोणी यांचा नैवेद्य होतो. संक्रांतीस तीळगूळ वाटला जातो. ऋतूने जे दिले ते आधी देवापुढे ठेवावे, मग चार जणांत वाटून खावे, असा हा क्रम आहे. वाटण्यावाचून आभार पुरे होत नाहीत.

यंदा प्रत्येक कुटुंबाने तीन गोष्टी कराव्यात.

१. सांजवातीच्या वेळी, आज आपल्यासाठी थंडीत कोण राबले, हे मुलांकडून नावानिशी सांगवावे. दूधवाला, झाडणारी बाई, रात्री गव्हाला पाणी देणारा शेतकरी. नाव ठाऊक नसेल तर दुसऱ्या दिवशी विचारून घ्यावे.

२. घोंगडी वा कांबळे द्यावयाचे असेल तर ते संक्रांतीची वाट न पाहता आजच द्यावे. थंडी मुहूर्त पाहत नाही.

३. शेजारी एकटे राहणाऱ्या वृद्धांची सकाळ-संध्याकाळ विचारपूस करावी. बंद खोलीत कोळशाची शेगडी ठेवून कोणी निजत नाही ना, हेही पाहावे. तिच्यातून निघणाऱ्या विषारी वायूला वास नसतो आणि झोपेतच प्राण जातो.

एवढे केल्याने थंडी कमी होणार नाही. पण ती सोसताना आपण एकटे नाही हे कळेल, आणि जे खरोखर एकटे आहेत त्यांच्या दाराशी आपली पावले वळतील.