स्वालबार्डचे छायाचित्रण : तीनशे मीटरांचा हिशेब

आपल्या व्यवसायात रजा ही दुर्मीळ वस्तू. लसीकरण, नवजात शिशुकक्षातील फेऱ्या आणि सहकाऱ्यांच्या सोयी सांभाळून वर्षाकाठी बारा-पंधरा दिवस हाती लागतात. ते दिवस, आणि त्यांसोबत बरीच पुंजी, उत्तर ध्रुवाजवळच्या स्वालबार्ड बेटांवर खर्च करायची असेल तर कोणती लेन्स न्यावी, असे संघातील दोघा-तिघा छायाचित्रणप्रेमी मित्रांनी मला विचारले. आंबोलीचे धुके आणि दांडेलीचे धनेश टिपून हात तयार झालेली ही मंडळी. माझ्या मते लेन्सचा प्रश्न तिसरा. चित्र कोणते हवे हा पहिला आणि महिना कोणता हा दुसरा.

स्वालबार्ड हा नॉर्वेचा द्वीपसमूह ७४ ते ८१ उत्तर अक्षांशांदरम्यान पसरला आहे. लाँगइयरब्येन हे मुख्य गाव ७८ अंशांवर आहे. नॉर्वेचे स्वामित्व मान्य करणाऱ्या १९२० च्या करारावर ब्रिटिश अमलाखालील भारताच्या वतीनेही सही झाली होती, हे आपल्यापैकी फारच थोड्यांना ठाऊक असते. २००८ पासून तेथील न्यू-ऑलेसुंड येथे भारताचे ‘हिमाद्री’ हे संशोधन केंद्र आहे आणि त्याचा कारभार बेळगावहून काही तासांच्या अंतरावरील वास्को येथील राष्ट्रीय संस्थेतून चालतो. अटलांटिकमधून वर येणाऱ्या उबदार प्रवाहामुळे पश्चिम किनारा उन्हाळ्यात मोकळा असतो. म्हणूनच एवढ्या उत्तरेला सामान्य प्रवाशाला जहाजाने हिंडता येते.

आता महिना. लाँगइयरब्येन येथे साधारण २० एप्रिल ते २२ ऑगस्ट सूर्य मावळत नाही. हे वाचून चोवीस तास सोनेरी प्रकाश मिळेल असा समज होतो आणि तो फसवा आहे. २१ जूनला भर मध्यरात्रीही सूर्य क्षितिजापासून सुमारे १२ अंश वर असतो. आपल्याकडे सूर्योदयानंतर पाऊण-एक तासाने जो प्रकाश असतो, तो हा. १० ऑगस्टच्या सुमारास मात्र मध्यरात्रीचा सूर्य जेमतेम ४ अंशांवर येतो आणि जवळजवळ आडवा सरकत राहतो. घड्याळात रात्री अकरा ते तीन असे चार तास तो पाच अंशांच्या आसपासच रेंगाळतो. आंबोलीत दहा मिनिटांत निसटणारा प्रकाश येथे चार तास थांबतो. अर्थात ढग आणि धुके यांची कृपा असेल तर! उन्हाळ्यात दोन्ही वारंवार येतात.

परंतु ऑगस्टमध्ये सखल भागातील बर्फ वितळून जमीन तपकिरी झालेली असते. जूनमध्ये डोंगर पांढरे असतात आणि फ्योर्डांत बर्फ शिल्लक असतो. पक्ष्यांसाठी जुलै उत्तम. आल्केफ्येलेट येथील उभ्या कड्यांवर ब्रूनिखचे गिलेमॉट हजारोंनी घरटी करतात. त्यांची जेमतेम तीन आठवड्यांची, उडता न येणारी पिले जुलैअखेरीस कड्यावरून खाली उड्या घेतात. खाली पिता हाका मारीत असतो आणि पुढे समुद्रात पिलाचा सांभाळही तोच करतो. (आमच्या बाह्यरुग्ण विभागात मूल घेऊन येणारा पिता अजूनही अपवादच, हे जाता जाता नोंदवतो.) सर्व काही देणारा महिना नाही. निसर्गदृश्यांची ओढ अधिक असणाऱ्यांनी ऑगस्टचा पहिला पंधरवडा निवडावा, असे माझे मत आहे.

अस्वलाविषयी सविस्तर लिहिणे भाग आहे, कारण बहुतेकजण तेथे त्यासाठीच जातात. १ जानेवारी २०२५ पासून नॉर्वेने नियम कडक केले. ध्रुवीय अस्वलापासून किमान ३०० मीटर अंतर राखावे लागते. १ मार्च ते ३० जून या काळात ५०० मीटर. संरक्षित क्षेत्रांत प्रवाशांना ४३ ठरावीक जागीच उतरता येते आणि तेथे जाणाऱ्या जहाजावर २०० हून अधिक प्रवासी नसावेत असे बंधन आहे. ड्रोनला या क्षेत्रांत मज्जाव आहे.

३०० मीटरवरून काय दिसेल? लेन्सचे नाभीय अंतर गुणिले प्राण्याची लांबी, भागिले त्याचे अंतर, एवढे साधे गणित आहे. अस्वल २.४ मीटर लांब धरले तर ४०० मिलिमीटरच्या लेन्समधून सेन्सरवर त्याची प्रतिमा ३.२ मिलिमीटर उमटते. पूर्ण चौकटीचा सेन्सर ३६ मिलिमीटर रुंद असतो, म्हणजे अस्वल चित्राचा अकरावा हिस्सा व्यापते. ५०० मीटरवरून एकोणिसावा. ६०० मिलिमीटरची लेन्स नेली तरी ३०० मीटरवरून सातवा-आठवा हिस्साच. डोळ्यांत डोळे घालून पाहणाऱ्या अस्वलाचे चित्र डोक्यातून काढूनच विमानात बसावे. हाती येते ते बर्फ, पाणी, डोंगर आणि त्यात एक अस्वल. येथे वन्यजीव आणि निसर्गदृश्य हे दोन वेगळे विषय उरत नाहीत.

हे मला आधी सुचले नव्हते. मी २०१९ च्या ऑगस्टमध्ये गेलो तेव्हा मीटरांचे बंधन नव्हते. अस्वलाला त्रास होईल असे वागू नये, एवढाच कायदा होता. उत्तरेकडील बर्फाच्या कडेला एक मादी बर्फाच्या लादीवर बसून पिलाला पाजत होती. जहाज हळूहळू पुढे सरकत होते आणि आणखी थोडे पुढे न्यावे, असा आग्रह धरणाऱ्यांत मी होतो. मादीने मान वर केली, ती उठली, पिलाचे तोंड सुटले. मार्गदर्शक बाईंनी तत्काळ जहाज मागे घ्यायला लावले. मी मनातून चिडलो. रात्री चित्रे पाहताना ध्यानात आले, की पाजणाऱ्या आईपाशी गर्दी करू नका, असे नातेवाइकांना रोज बजावणारा मीच. हे पिलू सुमारे ६०० ग्रॅमचे जन्मते, म्हणजे आमच्या अतिदक्षता कक्षातील सर्वांत नाजूक बाळाएवढे. मार्च-एप्रिलमध्ये गुहेबाहेर येईतो ते दहा-बारा किलोंचे होते, ते तीस टक्के स्निग्धांश असलेल्या दुधावर. मार्च ते जून ५०० मीटरांची सक्ती का, हे बालरोगतज्ज्ञाला तरी वेगळे समजवायला नको. माझ्या दवाखान्यात आज लावलेले चित्र त्यानंतरचे, लांबून घेतलेले आहे. त्यातले अस्वल शोधण्यात मुले इतकी गुंततात, की सुई टोचून होते.

लेन्सविषयी आता थोडक्यात. एक १००-४०० आणि एक २४-७० पुरे. तिपाई घरी ठेवावी. जहाजाच्या यंत्राची थरथर तीही थरथरवते. बर्फाची चित्रे करडी येतात, कारण मापक शुभ्रतेलाही करडे समजतो. एक ते दीड स्टॉप वाढवावा. बाहेरून उबदार खोलीत येण्यापूर्वी कॅमेरा घट्ट बंद पिशवीत घालावा आणि तासभर उघडू नये, नाहीतर लेन्सच्या आत दव धरते.

प्रकृतीकडे आपण डॉक्टरच अधिक दुर्लक्ष करतो. लाँगइयरब्येनला लहान रुग्णालय आहे. तेथे प्रसूतीही करीत नाहीत, गर्भवतींना आधीच मुख्य भूमीवर पाठवतात. गंभीर रुग्णाला सुमारे साडेनऊशे किलोमीटर दूर ट्रॉम्सोला न्यावे लागते. म्हणून बचाव आणि विमानाने हलविण्याचा खर्च देणारा विमा आवश्यक आहे. बोट लागण्यावरची गोळी निघण्यापूर्वी घरी एकदा घेऊन पाहावी. काचबिंदू किंवा प्रोस्टेटचा त्रास असणाऱ्यांनी ती विचारपूर्वक निवडावी. तेथील कोल्ह्यांत रेबीज आढळतो, तेव्हा मेलेल्या प्राण्यालाही हात लावू नये.

स्वालबार्ड शेंगेन क्षेत्राबाहेर आहे. ऑस्लोहून तेथे जाणे म्हणजे शेंगेनबाहेर पडणे आणि परतणे म्हणजे पुन्हा प्रवेश. त्यामुळे व्हिसा दुहेरी प्रवेशाचाच मागावा. जहाज सुटण्याच्या किमान एक दिवस आधी पोहोचावे, कारण मागे राहिलेल्या सामानासाठी ते थांबत नाही. कॅमेरा आणि लिथियमच्या बॅटऱ्या हातातील पिशवीतच असाव्यात.